छप्पन्न चुकांचें वर्ष

बेसबॉलच्या मैदानावर जो भला मोठा गुणफलक उभा असतो, त्यावर प्रत्येक संघाच्या नांवापुढें शेवटीं तीन आंकडे लिहिलेले असतात. पहिला धावांचा, दुसरा यशस्वी फटक्यांचा आणि तिसरा चुकांचा. श्रोतेहो, आपणांपैकीं ज्यांचें क्रिकेटवर प्रेम आहे, आणि तें नाहीं असा मराठी श्रोता विरळाच, त्यांना या तिसऱ्या आंकड्याचें नवल वाटेल. आपल्याकडे एखाद्यानें स्लिपमध्यें सोपा झेल सोडला तर प्रेक्षक हळहळतात, गोलंदाज कपाळाला हात लावतो, दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेखहि येतो; परंतु धावफलकावर त्या सुटलेल्या झेलाला जागा नाहीं. बेसबॉलमध्यें ती आहे. तेथें प्रत्येक सामन्याला एक अधिकृत नोंदनीस बसलेला असतो. साधारण प्रयत्नानें जो गडी बाद व्हावयास हवा होता तो क्षेत्ररक्षकाच्या ढिलाईमुळें वांचला, असें त्याचें मत पडलें कीं तो ‘एरर’, म्हणजे चूक, अशी नोंद करतो. ती चूक त्या खेळाडूच्या नांवावर चढते. आणि पुढें कितीहि वर्षांनीं कोणी वही उघडून पाहिली तरी ती तेथेंच असते.

ज्या तरुणाविषयीं आज मला बोलावयाचें आहे, त्याच्या नांवावर १९९३ सालच्या एकाच हंगामांत अशा छप्पन्न चुका लिहिल्या गेल्या. त्याचें नांव डेरेक जीटर. वय त्या वेळीं अवघें एकोणीस. पुढें तो न्यूयॉर्क यांकीज या संघाचा कर्णधार झाला आणि कूपर्सटाउनच्या बेसबॉल-कीर्तिमंदिरांत त्याला स्थान मिळालें, हें खेळाच्या शौकिनांस ठाऊक असेल. मला त्याच्या कीर्तीपेक्षां त्या छप्पन्न चुकांत अधिक रस आहे. नवशिक्याच्या हातून चुका होऊं लागल्या म्हणजे त्यांतील कोणत्या कोंवळ्या वयाच्या आणि कोणत्या अंगच्या असमर्थतेच्या, हें कोणीं व कसें ओळखावें, हा प्रश्न शाळामास्तरापासून कारखानदारापर्यंत सर्वांनाच पडतो. येथें तो एका धंदेवाईक संघाला पडला, व त्याच्या उत्तरावर एका मुलाचें आयुष्य टांगलेलें होतें.

प्रथम त्याचें काम काय होतें तें सांगितलें पाहिजे. बेसबॉलचें आंतलें रिंगण म्हणजे नव्वद नव्वद फूट बाजूंचा एक चौरस. चार कोपऱ्यांवर चार ठाणीं. त्यांपैकीं एकावर फलंदाज उभा राहतो, आणि चेंडू टोलवला कीं बॅट टाकून तो उजव्या हाताच्या पहिल्या ठाण्याकडे धांवत सुटतो. चेंडू जमिनीवरून सरपटत गेला असेल, तर तो उचलून धांवणाऱ्याच्या आधीं त्या ठाण्यावर पोंचविला कीं गडी बाद. या रिंगणाची राखण मुख्यतः चौघांकडे असते. तिघांना आपापलें ठाणें आहे. चौथ्याला मात्र ठाणें नाहीं. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत उभा असतो. त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. बहुतेक फलंदाज उजव्या हाताचे असल्यामुळें त्यांचे फटके याच बाजूला अधिक येतात, आणि त्यामुळें रिंगणांतील सर्वांत कष्टाचें काम या बिनठाण्याच्या माणसाकडे येतें.

कल्पना करा, चेंडू सुसाट येत आहे. त्याचा शेवटचा टप्पा खड्यावर पडेल कीं गवतावर, हें अगोदर सांगतां येत नाहीं. डाव्या हातांतील चामड्याच्या मोज्यांत तो घ्यावयाचा, उजव्या हातानें त्यांतून काढावयाचा, पाय सांवरावयाचे, आणि शंभराहून अधिक फुटांवर उभ्या असलेल्या सोबत्याच्या छातीशीं नेमका फेंकावयाचा. धांवणारा फलंदाज पहिल्या ठाण्यावर पोंचतो तो चार सेकंदांच्या थोड्या वरच्या अवधींत. तेवढ्या वेळांत हें सारें उरकलें पाहिजे. घाईनें बोटें चुकलीं तर एक चूक. फेंक उंच गेली तर दुसरी. आणि ही दुसरी अधिक महाग, कारण चेंडू पहिल्या ठाण्यापलीकडे निघून गेला म्हणजे धांवणाऱ्याला आणखी एक ठाणें आयतें मिळतें.

हें काम जीटरनें लहानपणींच हेरून ठेविलें होतें. त्याचा जन्म २६ जून १९७४ रोजीं न्यू जर्सी राज्यांत झाला. तो चार वर्षांचा असतांना कुटुंब मिशिगन राज्यांतील कॅलमझू येथें राहावयास गेलें. वडील चार्ल्स जीटर विद्यापीठांत असतांना स्वतः शॉर्टस्टॉपच्याच जागेवर खेळलेले. आई डॉरथी हिशेबाचें काम करी. घरची शिस्त अशी कीं, अभ्यास आणि वागणूक यासंबंधीं आईबापांनीं लिहिलेल्या करारावर मुलांनीं दरवर्षीं सही करावयाची. उन्हाळ्याच्या सुटींत मुलगा न्यू जर्सीला आजीकडे जाई. आजी यांकीजची भक्त. ती त्याला सामने पाहावयास नेई. मोठेपणीं आपण यांकीजचा शॉर्टस्टॉप होणार, असें तो ज्याला त्याला सांगत असे, आणि मुलें असें कांहीं बोलतात तेव्हां वडील मंडळी जशी हंसतात तशी लोकांनीं हंसून सोडून दिलें असेल.

परंतु तिकडे आपला संघ आपण निवडतां येत नाहीं. दरवर्षीं ‘ड्राफ्ट’ नांवाचा एक विधि होतो. शाळा-कॉलेजांतील मुलांची नांवें सर्व संघांपुढें असतात, आणि संघ पाळीपाळीनें एकेक नांव उचलतात. साधारणपणें मागील हंगामांत जे तळाशीं राहिले त्यांची पाळी आधीं. ज्यानें नांव उचललें त्याच्याशींच मुलानें करार करावयाचा, नाहीं तर कॉलेजची वाट धरावयाची. १९९२ सालीं पहिली पाळी ह्यूस्टनची होती. हॅल न्यूहाउसर हा एके काळचा नामांकित पिचर त्या वेळीं ह्यूस्टनसाठीं होतकरू मुलें हुडकण्याचें काम करीत असे. याच मुलाला घ्या, म्हणून त्यानें आपल्या वरिष्ठांकडे आग्रह धरला. त्यांनीं फिल नेव्हिन नांवाच्या दुसऱ्या खेळाडूला घेतलें. न्यूहाउसरनें ती नोकरी सोडली. त्याला स्वतःला त्याच सालीं कीर्तिमंदिराचा मान मिळाला होता. मनुष्य पारखण्याबाबत आपलें कोणी ऐकत नाहीं याचें त्या मानी गृहस्थाला काय वाटलें असेल, याची कल्पना करतां येते. पुढच्या चार संघांनींहि जीटरला वगळलें. सहावी पाळी यांकीजची होती. अशा रीतीनें मुलाची बाळपणची वल्गना एका दुपारीं अर्धी खरी झाली.

उरलेली अर्धी खरी होण्यास चार वर्षें लागलीं. त्यांतलें पहिलें वर्ष केवळ अश्रूंचें होतें. मिशिगन विद्यापीठाची शिष्यवृत्ति बाजूला ठेवून तो फ्लोरिडांतील टँपा येथें नवख्यांच्या लीगमध्यें दाखल झाला. पहिल्याच दिवशीं दोन सामने झाले. सात वेळां तो बॅट घेऊन उभा राहिला आणि सातहि वेळां रिकाम्या हातानें परतला. शंभरांत तीस वेळां यश मिळालें तर बेसबॉलमध्यें तो फलंदाज उत्तम गणला जातो. त्या उन्हाळ्यांत जीटरचें प्रमाण शंभरांत वीस होतें. शाळेंत असतांना तो दोनांत एकदां यशस्वी होत असे! रात्रीं खोलींत तो रडे आणि घरीं टेलिफोन करी. आपण कॉलेजला गेलों असतों तर बरें झालें असतें, असें त्याला वाटूं लागलें होतें, हें त्यानें स्वतःच पुढें अनेकदां सांगितलें आहे.

येथें या शिडीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्याला मेजर लीग म्हणतात त्या वरच्या मजल्यावर आज तीस संघ आहेत, आणि २०२१ सालीं झालेल्या फेररचनेनुसार प्रत्येकाच्या हाताखालीं चार असे एकशेंवीस लहान संघ छोट्या गांवांतून खेळतात. त्याहूनहि खालीं अगदीं नवख्यांच्या तुकड्या. ‘ए’ हा खालचा थर, मग ‘डबल ए’, मग ‘ट्रिपल ए’. या पायऱ्यांवर मुलें मोटारबसमधून शेंकडों मैलांचा प्रवास करतात, स्वस्त खाणावळींत जेवतात, आणि जवळ जवळ रोज सामना खेळतात. वेतन वर्षानुवर्षें इतकें तुटपुंजें होतें कीं हिंवाळ्यांत पुष्कळांना दुसरी मोलमजुरी करावी लागे. २०२२ सालीं हे खेळाडू मोठ्या खेळाडूंच्या संघटनेंत सामील झाले आणि २०२३ सालीं त्यांचा पहिला सामुदायिक करार झाला; त्यानें सर्वांत वरच्या पायरीचें किमान वेतन वर्षाला ३५,८०० डॉलर व सर्वांत खालच्या पायरीचें १९,८०० डॉलर ठरलें. अमेरिकेंतील खर्च पाहतां हीहि कांहीं श्रीमंती नव्हे.

आणि या शिडीवरून वर पोंचतात ते थोडेच. जीटरच्या आधीं ज्या पांच जणांची निवड झाली, त्यांपैकीं तिसरा बी. जे. वॉलेस हा मेजर लीगमध्यें एकहि सामना खेळला नाहीं. पांचवा चॅड मोटोला दहा वर्षांच्या काळांत तुटक तुटक मिळून साठांहून कमी सामने खेळला. खुद्द यांकीजनें आदल्या वर्षीं, म्हणजे १९९१ सालीं, ब्रायन टेलर नांवाच्या पिचरला सर्वांच्या आधीं उचललें होतें आणि करारापोटीं त्याला साडेपंधरा लक्ष डॉलर दिले होते. १९९३ च्या डिसेंबरांत एका मारामारींत त्याचा खांदा जायबंदी झाला आणि तो वरच्या मजल्यावर कधींच पोंचला नाहीं. तेव्हां पहिल्या फेरींत निवड होणें म्हणजे भाग्य उजाडलें, असें समजण्याचें कारण नाहीं. तो फक्त एक उंबरठा आहे.

या पार्श्वभूमीवर तें १९९३ साल पाहावें. जीटर नॉर्थ कॅरोलायनांतील ग्रीन्सबरो येथें ‘ए’ वर्गाच्या संघांत होता. बॅटीनें तो सांवरला. शंभरांत साडेएकोणतीस हें प्रमाण नवख्याच्या मानानें चांगलेंच म्हटलें पाहिजे. पण मोज्यानें त्याला दगा दिला. दर दोन-सव्वादोन सामन्यांमागें एक चूक! फेंकी प्रेक्षकांत जाऊं लागल्या. प्रत्येक चुकीनंतर गुणफलकावरचा तिसरा आंकडा एकानें वाढे, आणि ज्याच्यामुळें तो वाढला त्याला तो पाहत पुढचा चेंडू येईपर्यंत तेथेंच उभें राहावें लागे. साहजिकच चर्चा सुरू झाली. मुलगा सहा फुटांहून तीन इंच उंच. त्या जागेसाठीं अंगाचा हा बांधा अवजडच, असें जुन्या जाणत्यांचें मत. त्याला तिसऱ्या ठाण्यावर किंवा बाहेरच्या मैदानांत हलवावें, म्हणजे बॅट तरी वांचेल, ही सूचना पुढें आली. सूचना मूर्खपणाची नव्हती. अनेक शॉर्टस्टॉप असेच हलविले गेले आहेत आणि कित्येकांचें त्यांत कल्याणहि झालें आहे.

मौज अशी कीं, त्याच हंगामाच्या अखेरीस त्या लीगच्या व्यवस्थापकांनीं मेजर लीगच्या दृष्टीनें सर्वांत होतकरू खेळाडू म्हणून याच मुलाची निवड केली. आणि ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकानें त्या लीगमधील उत्कृष्ट क्षेत्ररक्षक शॉर्टस्टॉप म्हणून त्याचेंच नांव घेतलें. छप्पन्न चुका करणारा उत्कृष्ट क्षेत्ररक्षक! वरवर पाहतां हा विनोद वाटेल. पण जे वही पाहत नव्हते, मैदान पाहत होते, त्यांना त्यांत विसंगति दिसली नाहीं. ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोंचतच नाहीं, त्या चेंडूची चूक सहसा त्याच्या नांवावर लिहिली जात नाहीं. तो फलंदाजाचा यशस्वी फटका ठरतो. लांब पायांचा, निधड्या छातीचा मुलगा धांवत जाऊन असा चेंडू अडवितो आणि अर्धवट तोलावर फेंकतो. फेंक चुकली कीं वहींत त्याच्या नांवावर डाग पडतो. सुस्त सोबत्याच्या नांवापुढची जागा कोरी राहते. शिवाय छोट्या गांवांतील मैदानें वरच्या मजल्यावरील मैदानांइतकीं सपाट नसतात, आणि पहिल्या ठाण्यावर जमिनीलगतची वांकडी फेंक सांवरून घेणारा सोबतीहि तेथें नवशिकाच असतो. छप्पन्नांपैकीं किती खऱ्या, हें म्हणूनच आंकड्यावरून कळण्यासारखें नव्हतें. अर्थात् सर्वच चुका दुसऱ्याच्या माथीं मारतां येण्याजोग्या नव्हत्या, आणि संघानेंहि तसें केलें नाहीं. त्यानें मुलाची जागा बदलली नाहीं. पण त्याला तसाहि सोडला नाहीं.

त्या शरद ऋतूंत त्याला टँपा येथें ब्रायन बटरफील्ड या शिक्षकाच्या हवालीं करण्यांत आलें. हाताला दुखापत झाल्यामुळें जीटरला त्या वेळीं बॅट धरतां येत नव्हती. मला ही दुखापत इष्टापत्ति वाटते. फलंदाजी हा या मुलाचा आनंद होता. तो काढून घेतल्यावर उरलें तें नुसतें चेंडू उचलणें आणि फेंकणें. कित्येक आठवडे रोज तेंच. मोजा जमिनीपासून किती उंच धरावा, चेंडू अंगापुढें घ्यावा कीं अंगाखालीं, पाऊल आधीं कोणतें पडावें, यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी शेंकडों वेळां घोटून घेतल्या गेल्या. प्रेक्षक नाहींत, गुणफलक नाहीं, नोंदनीस नाहीं. आपल्याकडे गवई ज्याप्रमाणें मैफलीपासून दूर राहून एकेक स्वर घोटतो, त्याच जातीची ही मेहनत. त्या जागेवरून मुलाला हलवावयाचेंच असतें तर हा खर्च कोणी केला नसता, हेंहि त्याला कळलें असेल.

पुढचें वर्ष झपाट्याचें गेलें. १९९४ च्या एकाच हंगामांत तो टँपाहून ऑल्बनीला आणि ऑल्बनीहून कोलंबसला, म्हणजे ‘ए’पासून ‘ट्रिपल ए’पर्यंत, तीन पायऱ्या चढला. फलंदाजींत शंभरांत चौंतीसांहून अधिक वेळां यश; चुका पंचवीस. त्या सालच्या सर्व लहान लीगांतील उत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याला निवडण्यांत आलें. वरून बोलावणें येण्यास हरकत नव्हती. पण ऑगस्टमध्यें मेजर लीगच्या खेळाडूंनीं संप पुकारला, उरलेला हंगाम बुडाला आणि त्या वर्षीं वर्ल्ड सीरीज झालीच नाहीं.

बोलावणें आलें तें २९ मे १९९५ रोजीं, आणि तेंहि दुसऱ्याच्या आजारपणामुळें. यांकीजचा शॉर्टस्टॉप टोनी फर्नांडिस जखमी झाला होता. सिॲटल येथील पहिल्या सामन्यांत जीटर पांच वेळां उभा राहिला व पांचहि वेळां अपयशी ठरला. दुसऱ्या दिवशीं त्याला पहिलें यश मिळालें. दोन आठवड्यांनीं फर्नांडिस बरा होतांच त्याला कोलंबसला परत धाडण्यांत आलें. त्याच वेळीं मारियानो रिव्हेरा नांवाच्या पनामाच्या एका पिचरचीहि खालीं पाठवणी झाली. या दोघांचीं नांवें पुढें एका विलक्षण प्रसंगीं पुन्हां एकत्र आलीं.

तो प्रसंग १९९६ च्या वसंतांतला. शॉर्टस्टॉपची जागा जीटरला द्यावयाची असें ठरलें होतें. फर्नांडिस पाठीशीं होताच. पण त्याचें कोंपर मोडलें आणि आधार गेला. मुलगा अजून तयार नाहीं, असें एका जुन्या सल्लागारानें संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्या कानावर घातलें. या मालकांना धीर हा गुण फारसा लाभलेला नव्हता. सिॲटलकडे फेलिक्स फर्मिन नांवाचा अनुभवी शॉर्टस्टॉप होता; त्याच्या मोबदल्यांत रिव्हेराला देऊन टाकावें काय, यावर खल झाला. जीन मायकेल प्रभृतींनीं विरोध केला आणि तो सौदा फिसकटला. तो झाला असता तर जीटर पुन्हां कोलंबसला गेला असता. रिव्हेरा तर दुसऱ्याच संघाचा झाला असता; तोच रिव्हेरा २०१९ सालीं एकहि मत विरुद्ध न जातां कीर्तिमंदिरांत निवडून आला. फर्मिनची कारकीर्द त्याच वर्षीं संपली. अनुभवी माणसाची सुरक्षित निवड किती असुरक्षित असूं शकते!

२ एप्रिल १९९६ रोजीं क्लीव्हलंड येथें हंगामाचा पहिला सामना झाला. जीटरनें डेनिस मार्टिनेझच्या चेंडूवर मेजर लीगमधील आपली पहिली होम रन काढली. परंतु माझ्या मतें त्या दिवसाचा खरा क्षण सातव्या डावांतला. ओमार व्हिस्केलनें मारलेला चेंडू रिंगणाच्या मागें मोकळ्या जागेंत पडणार, आणि धांव निघणार, असें दिसत होतें. जीटर पाठमोरा धांवत गेला आणि खांद्यावरून त्यानें तो झेलला. ग्रीन्सबरोच्या मुलाला ज्या कामासाठीं अयोग्य ठरविण्याचें घाटत होतें, तेंच हें काम. त्या वर्षींहि त्याच्या नांवावर बावीस चुका चढल्या. पण १९७८ नंतर प्रथमच यांकीजनें वर्ल्ड सीरीज जिंकली आणि नवोदितांतील उत्कृष्ट खेळाडूचा मान जीटरला एकमतानें मिळाला.

पुढें तो २०१४ पर्यंत खेळला. २,७४७ सामने, ३,४६५ यशस्वी फटके. क्षेत्ररक्षणास तो उभा राहिला तो सदैव शॉर्टस्टॉपच्याच जागेवर. मात्र या कथेला एक वेगळी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जीटरला उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाबद्दल ‘गोल्ड ग्लोव्ह’ हें पारितोषिक पांच वेळां मिळालें. याच काळांत प्रत्येक चेंडूची दिशा व वेग टिपून हिशेब करणारी एक नवी मंडळी पुढें आली होती. चूक झाली कीं नाहीं, एवढेंच न पाहतां किती चेंडूंपर्यंत खेळाडू पोंचलाच नाहीं, हें तीं मोजूं लागलीं. आणि त्या मापानें जीटर आपल्या जागेवरच्या दुबळ्या क्षेत्ररक्षकांपैकीं एक ठरूं लागला. पाय जड झाले होते. हातीं आलेला चेंडू तो सोडत नसे. परंतु पूर्वीं ज्या चेंडूंमागें धांवून तो चुकत असे, ते आतां बाजूनें निघून जात, व वही त्याविषयीं मौन पाळी. २०१० सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्याला पांचवा गोल्ड ग्लोव्ह मिळाला, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. त्या हंगामांत त्याच्या चुका होत्या फक्त सहा.